मोडलेले कान

गेल्या महिन्यात जिभाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन धुळ्याला गेलो होतो, कानाचं मशीन घ्यायला. त्यांचं वय पंच्याऐंशी. हल्ली टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि फोनवर तर बोलणंच होत नाही, म्हणून मीच मागे लागलो होतो. दुकानात तपासणारा मुलगा वयानं कोवळा, पण हाताचा हळुवार होता. त्यानं बॅटरी मारून आधी कान पाहिले, दोरा बांधलेला कापूस आत सरकवला, पिचकारीत गुलाबी लगदा भरला आणि साचा घ्यायला गेला. साचा बसेना. जिभाऊंचे दोन्ही कान कुस्तीत मोडलेले आहेत. वरची कड आत वळून गाठ मारल्यासारखी घट्ट झालेली, मधली वाट मिटत आलेली. वाळलेल्या अंजिरासारखे ते दिसतात. लगदा दोनदा बाहेर आला. "बाबांना इथं काही लागलं होतं का?" त्यानं मला विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, पहिलवान आहेत आमचे. तोवर जिभाऊंनी खांद्यावरचा रुमाल डोक्यावरून घेऊन दोन्ही कानांवर बांधूनही टाकला होता, थंडीत बांधतात तसा. बाहेर ऊन रणरणत होतं. जे कान आयुष्यभर चारचौघांत मिरवले, ते त्यांनी त्या मुलापासून झाकून घेतले.

मग त्यानं विचारलं, कमी ऐकू यायला लागून किती वर्षं झाली. मी म्हणालो, असतील सात-आठ. त्यानं तोच प्रश्न जिभाऊंच्या समोर बसून, ओठ मोठे करून पुन्हा विचारला. जिभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर आडवा धरला. "हाऊ इतला व्हता ना, तवयपाईन."

मी एकोणसाठ वर्षांचा आहे.

मुलगा तपासणीच्या कागदावरच्या रेघांवर बोट ठेवून सांगत राहिला की हे नुसतं म्हातारपणाचं नाही, जुनं दुखणं आहे, कधीतरी पडदाही फाटलेला असणार. मी मान डोलावत होतो. परतीच्या एसटीत दोंडाईचा येईपर्यंत जिभाऊ खिडकीशी झोपले आणि मी त्यांच्या रुमालाकडे पाहत बसलो. त्या दोन-अडीच फुटांवर धरलेल्या हातानं माझी झोप घालवली आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या गावात पोलादी माणूस म्हटलं की दोनच नावं. पडद्यावरचा दारासिंग आणि गल्लीतले जिभाऊ. मारुतीच्या देवळामागे आखाडा होता. आमच्याकडची जमीन काळी, कपाशीची. आखाड्याची तांबडी माती बाहेरून गाडीनं आणलेली. तिच्यात तेल, ताक, हळद घालून ती पायांनी मळायची. पहाटे तिथून येणारा आंबूस, ओला वास मला अजून येतो. आतल्या भिंतीवर दोन चौकटी होत्या. एक मारुतीची, शेंदूर लागून लागून ओळखू न येणारी, आणि दुसरी वर्तमानपत्रातून कापलेली, दारासिंगची. उघडी छाती, दोन्ही हात कमरेवर, आणि चेहऱ्यावर कसलाच राग नाही. पोरं जोर मारताना त्याच्याकडे पाहून मोजायची. १९६८ च्या मे महिन्यात मुंबईत त्यानं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, ती बातमी जिभाऊंनी शेतात वखर चालवताना ऐकली. औत तसंच उभं टाकून ते गावात आले आणि त्यांनी मारुतीला नारळ फोडला, असं माय सांगायची. सांगताना तिच्या आवाजात थोडा रागही असायचा, कारण त्या वर्षी पेरणीची मशागत मागे पडली होती.

सारंगखेड्याच्या यात्रेत मी दारासिंगला पहिल्यांदा हलताना पाहिलं. दत्तजयंतीची थंडी, तापीवरून येणारा बोचरा वारा, रांगेनं बांधलेले घोडे आणि त्यांच्या लिदीचा, चाऱ्याचा, भज्यांच्या तेलाचा एकमेकांत मिसळलेला वास. जिभाऊ दिवसभर कुस्त्यांच्या दंगलीत आणि रात्री तंबू टॉकीजमध्ये. तंबूत खाली पोतं टाकून बसायचं. मागे जनरेटर धडधडायचा आणि त्या धडधडीत पडद्यावरचं अर्धं बोलणं बुडून जायचं. सिनेमा होता 'फौलाद'. म्हणजे १९६३ चा, दहा-बारा वर्षं जुना, रिळावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. पण दारासिंगनं शर्ट काढला की तंबूतली माणसं उठून उभी राहायची. शेजारी मुमताज. मोठ्या नट्या या कुस्तीवाल्या हिरोबरोबर काम करायला राजी नव्हत्या, तेव्हा ती उभी राहिली. पुढे दोघांनी मिळून सोळा सिनेमे केले. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळत होतं एवढंच, की हा माणूस समोरच्याला उचलतो तेव्हा आधी त्याच्या कंबरेखाली हात नीट घालतो. जिभाऊ मला घरी आणताना तसंच उचलायचे.

तंबूतून बाहेर पडलो आणि गर्दीत माझा हात सुटला. जिभाऊ चार हात पुढे होते. मला त्यांचा फेटा दिसत होता. मी हाका मारल्या, "जिभाऊ, जिभाऊ." त्यांनी वळून पाहिलं नाही. मी ओरडलो. पाळण्यापाशी उभ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या, एक घोडा बिचकला, पण फेटा सरळ चालत राहिला आणि दिव्यांच्या पलीकडे गेला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मी गोडीशेवच्या दुकानासमोर रडत उभा होतो तेव्हा ते परत आले. आधी एक थोबाडीत बसली. "कोठे मरी गयथा रे?" मग त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि आमच्या गाडीपर्यंत खाली ठेवलं नाही. गोडीशेवचा पुडा माझ्या हातात होता, पण मी तो उघडला नाही. मला ती थोबाडीत लागली नव्हती. त्यांना हाक ऐकू आली आणि तरी ते वळले नाहीत, हे लागलं होतं. गेल्या महिन्यापर्यंत मी तसंच समजत होतो.

त्यानंतरही असंच. मी सातवीत पहिला आलो, ओसरीवरून ओरडत आत गेलो, ते विळ्याला धार लावत राहिले. बहिणीनं सासरहून आल्यावर मागून "येऊ का" म्हटलं, त्यांनी मान वर केली नाही, ती दाराशी डोळे पुसत उभी राहिली. गावात त्यांच्याविषयी एक वाक्य ठरलेलं होतं, दगड आहे दगड. कुणाला ते कौतुकानं म्हणायचं असे, कुणाला भीतीनं. आम्ही घरातली माणसं दोन्हींच्या मधे कुठेतरी. एकटी माय त्यांच्याशी बोलायची आणि तिची एक रीत होती. ती कधी मागून बोलली नाही. हातातलं काम टाकून उठायची, समोर जायची, बाहीला धरून हलवायची आणि मग बोलायची. आम्हाला वाटायचं, नवऱ्याचा मान. आम्ही काही मागायला लागलो की ती म्हणायची, "त्यास्ना म्होरे जाईसन बोल." रात्री ती लसणाच्या पाकळ्या तेलात तळून, ते कोमट तेल त्यांच्या कानात सोडायची. त्यांच्या उशीला कायम लसणाचा वास असायचा. इतकं सगळं डोळ्यांसमोर होतं.

कॉलेजला गेल्यावर मला शहाणपण आलं. होस्टेलमधल्या मुलांनी सांगितलं की दारासिंगच्या त्या फ्रीस्टाइल कुस्त्या ठरवून खेळलेल्या, नूरा कुस्त्या. किंग काँग नावाचा पहिलवान काय, बाकीचे परदेशी पहिलवान काय, सगळा तमाशा. हे मी सुट्टीत घरी आलो तेव्हा अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं, मोठ्या आवाजात, आणि यावेळी त्यांच्या तोंडासमोर उभा राहून. मला त्यांना दुखवायचंच होतं. ते काही बोलले नाहीत. चार दिवसांनी कपाशीला पाणी देताना, बारं बदलून खोरं टेकवून उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "कुस्ती खोटी व्हई. पडनं ते खरं शे ना?" मी त्यांच्या कानांकडे पाहिलं. समोरच्याच्या डोक्यावर घासून घासून कानात रक्त साकळतं, ते वेळेवर काढलं नाही तर आतल्या आत घट्ट होतं, आणि कान पुन्हा कधी पूर्वीसारखा होत नाही. त्या लढती कशा ठरायच्या याचा निवाडा मला आजही करता येणार नाही. पण सव्वाशे किलोच्या आसपासचं शरीर रोज आपटून घ्यायचं, १९८३ पर्यंत, म्हणजे पन्नाशी ओलांडून पुढे, यात खोटं काय असू शकतं, हे त्या दिवशी मला विचारायला हवं होतं.

दारासिंगच्या घरची एक गोष्ट मला नेहमी आमच्या घरची वाटते. अमृतसरजवळच्या धरमूचक गावातला तो शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १९२८ चा. लहान वयात त्याचं लग्न लावून दिलं, बायको वयानं मोठी. पोरानं लवकर बाप्या व्हावं म्हणून आई रोज शंभर बदाम लोण्या-साखरेत कुटून त्याला खाऊ घालायची, वर म्हशीचं दूध. सतराव्या वर्षी तो बाप झाला. ते लग्न पुढे टिकलं नाही. तो सिंगापूरला गेला, तिथं पहिलवान झाला, परत आला, सिनेमात गेला, दुसरा संसार मांडला. एकूण तीन मुलगे आणि तीन मुली. धाकट्या भावालाही त्यानं सोबत आणलं, तोही पहिलवान आणि नट, आणि त्याचं लग्न मुमताजच्या बहिणीशी झालं. गावाकडचं अख्खं खटलं जणू मुंबईत येऊन एका आखाड्यात राहिलं. बातम्यांत हे सगळं हसऱ्या फोटोंसारखं येतं. मला त्यातले ते शंभर बदाम आठवत राहतात. रोजचे शंभर बदाम घरातल्या कुणाच्या तरी ताटातून येतात.

आमच्याकडे बदाम कुठले. भिजवलेले हरभरे, भुईमुगाच्या शेंगा आणि म्हशीचं दूध. आजी धार काढली की पहिला तांब्या जिभाऊंच्या पुढ्यात ठेवायची, उरलेल्याचं दही लावून बाजाराला तूप. त्यांच्या तीन बहिणी कळण्याची भाकरी आणि लाल मिरचीच्या ठेच्यावर वाढल्या. थोरली फुई म्हातारपणी आमच्या ओसरीवर बसून असायची, हाडांची नुसती मोळी. एकदा जिभाऊ समोरून गेले, रुंद पाठीचे, उघडे, तेव्हा ती त्यांच्याकडे पाहत मला म्हणाली, "त्याना आंगमा आमनं दूध शे." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट हक्क होता. मला मात्र त्या दिवसापासून कुठल्याही पहिलवानाचा फोटो पाहताना त्याच्या मागे, चौकटीच्या बाहेर, बारीक मनगटांच्या बायका उभ्या दिसतात. आखाड्याची माती लंगोटातून निघत नाही. माय ते लंगोट नदीवर दगडावर आपटत राहायची, आणि पाण्यात तांबडी रेघ लांबवर जायची.

१९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी रामायण सुरू झालं. गावात टीव्ही दोन, अँटेना उंच बांबूवर, आणि चित्र बहुतेक वेळा मुंग्यांत. दारासिंग तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. आधी १९७६ च्या 'बजरंगबली'त तो मारुती झालाच होता, पण तो यात्रेतला मारुती. हा घरात आला. त्याच्या पहिल्या दर्शनाला माणसांनी टीव्हीपुढे नारळ फोडले. जिभाऊ सगळ्यांत पुढे बसायचे, मला वाटायचं हौसेनं. सीतेचा शोध लावून मारुती रामापुढे गुडघे टेकतो तेव्हा त्यांनी हात जोडले आणि बराच वेळ सोडले नाहीत. किंग काँगला डोक्यावर उचलणारा माणूस, मुखवट्यामागे अर्धा चेहरा झाकलेला, कुणापुढे तरी इतका वाकतो आहे, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. मी विशीत होतो. कुणी कुणापुढे वाकणं मला आवडत नसे. खरं तर आमच्या गावांत, वेशीत, आखाड्यात जो मारुती उभा असतो तो कितीदा तरी हात जोडलेलाच असतो, आणि तिथेच पोरं शड्डू ठोकायला शिकतात. पण हे ध्यानात यायला मला मायच्या आजारपणापर्यंत थांबावं लागलं.

माय २०१० साली गेली, नाशिकच्या एका दवाखान्यात. शेवटचे नऊ दिवस ती काचेपलीकडे होती. जिभाऊ बाहेरच्या बाकावर बसून. आठव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता आशा नाही, घरी न्यायचं तर न्या. मी विचार केला, मशीनवर आहे तोवर राहू दे. बाहेर येऊन मी जिभाऊंच्या शेजारी बसलो आणि खाली फरशीकडे पाहत, हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, कळलं त्यांना, आणि दगडासारखं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली तेव्हा ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहत राहिले की मला त्याचा अर्थच लागेना.

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. म्होरे नव्हतो.

मायनंतर त्यांचं बोलणं आणखी कमी झालं. आम्ही म्हणायचो, दुःख करत नाहीत पण आतून तुटले आहेत. २०१२ च्या जुलैत दारासिंगला हृदयविकाराचा झटका आला. जिभाऊ दिवसभर टीव्हीपुढे, खालून सरकणाऱ्या पट्टीवरचं अक्षर अन् अक्षर वाचत. अकरा तारखेला घरच्यांनी त्याला दवाखान्यातून घरी नेलं, कारण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बारा तारखेला सकाळी तो आपल्या घरात, आपल्या माणसांत गेला. मी त्या दिवशी गावी होतो. जिभाऊ माझ्यापुढे येऊन उभे राहिले, माझ्या बाहीला हात लावला, मायची रीत, आणि म्हणाले, "त्याले घर लई ग्यात ना?" मी हो म्हणालो. "बरं करं," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. मला तेव्हा वाटलं की दारासिंगविषयीच बोलणं चाललं आहे.

माझी मुलगी दारासिंगला ओळखते ती २००७ च्या 'जब वी मेट'मधला दादाजी म्हणून. पांढऱ्या दाढीचा, भरल्या घरात मधोमध बसलेला म्हातारा. तिला फौलाद माहीत नाही, पण आजोबांसाठी मशीन शोधून काढलं तिनंच. साचा बसत नाही म्हणून मी नाद सोडला होता. तिनं त्या दुकानातल्या मुलाला पुन्हा फोन केला आणि त्यानं सांगितलं की कानात काही घालायलाच नको, कानामागच्या हाडावर टेकणारं मशीन असतं. डोक्यावरून एक पट्टी जाते, वायरीची छोटी डबी सदऱ्याच्या खिशात. आवाज हाडातून आत जातो. गेल्या आठवड्यात ते आलं.

जिभाऊ रुमाल सोडेनात. मुलगी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली, मी काही सांगितलेलं नसताना, आणि तिनं रुमालाची गाठ हळूच सोडली. मोडलेले कान उघडे झाले. पट्टी बसवली, डबीचं चाक थोडं फिरवलं. आधी त्यांनी दचकून वर पाहिलं, पंख्याकडे. मग अंगणातल्या चिमण्यांकडे. मग माझ्याकडे, मी काही बोलतो का ते पाहायला. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात मुलीनं फोनवर रामायणातला तुकडा लावला, आजोबांना आवडतो म्हणून. मारुती रामाशी बोलत होता. पन्नास-साठ वर्षं जिभाऊंनी या माणसाला पाहिलं, तंबूत, भिंतीवर, टीव्हीत. ते पुढे वाकून ऐकत होते. ती त्याची हिंदी, पंजाबच्या शेतातून उचलून आणलेली, जड, शब्दांवर पाय रोवत चालणारी. जिभाऊ आयुष्यभर कचेरीत, बँकेत, माझ्या कॉलेजात तोंड मिटून उभे राहिले, कारण त्यांना अहिराणीशिवाय काही धड येत नाही असं त्यांना वाटायचं.

"हाऊ ते आपलामायकच बोलस," ते म्हणाले. आश्चर्यानं, आणि फार हळू. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आपला आवाज त्यांनाही आता ऐकू येत होता.

तुकडा संपला. त्यांनी फोनकडे बोट केलं.

"आखो लाव."